गावचे नभोवाणी केंद्र ओळखावे कसे?

पाटी वाचून दुकान ओळखता येते. शाळा तशी ओळखता येत नाही. पाटीवर 'विद्यामंदिर' असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेले असले, तरी आत विद्येची उपासना चालते की नुसती शुल्कवसुली, हे वर्गात डोकावल्याखेरीज कळत नाही. नभोवाणी केंद्राची गोष्ट याहूनही अवघड आहे. शाळेला निदान इमारत असते, फाटक असते, सुटीची घंटा झाली की बाहेर पडणारी मुले असतात. नभोवाणी केंद्र श्रोत्याच्या घरात येते ते केवळ आवाजाच्या रूपाने. तो आवाज कोठून येतो, त्याच्यामागे कोण उभे आहे, त्याचा खर्च कोण सोसतो आणि त्याने काय बोलावे व काय बोलू नये हे कोण ठरवितो, यांपैकी काहीही त्या आवाजावर लिहिलेले नसते.

आज महाराष्ट्रातील एखाद्या शहरात रेडिओची खुंटी फिरविली, तर तीन प्रकारची केंद्रे कानी पडतात. एक आकाशवाणीचे, ते सरकारी पैशावर चालते आणि १९९७ पासून 'प्रसार भारती' या महामंडळाच्या छत्राखाली आहे. दुसरे खासगी कंपनीचे. ते लिलावात बोली लावून मिळविलेले असते आणि नफा हा त्याचा उघड हेतू असतो. तिसरे सामुदायिक नभोवाणीचे. विद्यापीठे, महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे आणि सेवाभावी संस्था यांनी चालविलेली अशी केंद्रे देशात पाचशेच्या आसपास आहेत. ती नफ्यासाठी नाहीत आणि ज्या परिसरात ती ऐकू येतात त्या परिसराची आहेत, असे त्यांच्या परवान्याचे कागद सांगतात. परंतु कागदावर असणे आणि प्रत्यक्षात असणे यांत जे अंतर असते, ते शिक्षकांना आणि कारकुनांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. या तिसऱ्या वर्गातील खरे केंद्र कोणते आणि नावापुरते कोणते, हे श्रोत्याने ओळखावयाचे कसे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न पुष्कळ खोल जाणारा आहे.

मालकी कोणाची?

या प्रश्नाचे मूळ एका न्यायालयीन निर्णयात आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या हक्कावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत, न्या. जीवन रेड्डी आणि न्या. मोहन यांनी त्याचा निकाल दिला. वाद खेळाचा होता. निर्णय मात्र हवेचा झाला. ध्वनिलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असता कामा नये आणि ती केवळ धनवंतांच्या हाती जाऊनही चालणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. म्हणजे नदीचे पाणी किंवा गावचे गायरान जसे सर्वांचे, तसे आकाशही सर्वांचे.

मालमत्ता सर्वांची ठरली, पण वाटपाचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम लिलाव पुकारले गेले आणि ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांना खासगी केंद्रे मिळाली. त्यांतील पहिले २००१ साली बंगलोरला सुरू झाले. त्यानंतर २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांसाठी धोरण ठरले आणि चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी बोलू लागले. गावांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांना दार उघडले ते १६ नोव्हेंबर २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. निकालानंतर ही वाट पाहण्यात अकरा वर्षांहून अधिक काळ गेला. आधी धनिक, मग पदवीधर आणि शेवटी शेतकरी, असा हा पंक्तिप्रपंच झाला. पंगतीला बसावयास मिळाले यात समाधान मानावयाचे असेल तर मानावे. परंतु जी पंगत सर्वांच्या धान्यावर उठली, तिच्यात कोणाला काय वाढले जात आहे हे विचारण्याचा अधिकार श्रोत्याने सोडता कामा नये. आणि विचारावयाचे तर आपले पान कोणते हे आधी ओळखता आले पाहिजे.

आकड्यावरून ओळख पटत नाही

ओळखीची पहिली खूण म्हणून श्रोता सहजच आकड्याकडे पाहतो. अमेरिकेत हा आकडा बराच उपयोगी पडतो. तेथे एफ.एम. पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग शैक्षणिक व बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. काटा डावीकडे गेला की जाहिरातींचा बाजार संपला, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शिवाय दर तासाच्या आसपास केंद्राने आपले अधिकृत नाव आणि आपले गाव उच्चारलेच पाहिजे, असा तेथील नियम आहे.

आपल्याकडे सामुदायिक केंद्रांना मोजकेच आकडे दिले जातात आणि तेच ठिकठिकाणी पुन्हापुन्हा येतात. ९०.४ हा आकडा घ्या. चेन्नईचे अण्णा विद्यापीठ ९०.४ वर आहे, बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' ९०.४ वर आहे, माण तालुक्यातील म्हसवडची 'माणदेशी तरंग' ९०.४ वर आहे आणि पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेचे केंद्रही ९०.४ वरच. यांत तांत्रिक चूक काही नाही. या केंद्रांची शक्ती सामान्यतः शंभर वॅटपुरती आणि मनोऱ्याची उंची तीस मीटरपर्यंत मर्यादित असते. असा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही, त्यामुळे एकाच आकड्यावर दोन दूरची केंद्रे एकमेकांच्या आड न येता बोलू शकतात. परंतु याचा अर्थ असा की, आकडा ही या केंद्रांची ओळख नव्हे. एकाच आडनावाची माणसे जशी गावोगावी भेटतात, तसा हा आकडा आहे. उलट पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर, म्हणजे पट्ट्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. आडनावावरून माणसाचा स्वभाव सांगता येत नाही, तद्वत आकड्यावरून केंद्राचे शील सांगता येत नाही.

जाहिरात नसणे हा पुरावा नव्हे

दुसरी खूण जाहिरातीची. ज्या केंद्रावर जाहिराती नाहीत ते बिगरव्यापारी, असा सरळ हिशेब पुष्कळजण करतात. हा हिशेबही टिकत नाही. सरकारी नभोवाणीने स्वतःच १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून 'विविध भारती'वर जाहिराती सुरू केल्या. त्यामुळे ती काही साबणवाल्यांची मालमत्ता झाली नाही. सामुदायिक केंद्रांनाही जाहिरातींची मुभा आहे. आरंभी ती तासाला पाच मिनिटे होती, पुढे सात झाली आणि २०२४ च्या सुधारित धोरणाने ती बारा मिनिटांवर नेली. म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा जाहिरातींना देऊनही एखादे केंद्र कायद्याच्या दृष्टीने बिगरव्यापारीच राहते. याउलट, एकही जाहिरात न लावणारे केंद्र आपल्या चालक संस्थेचे सत्कार, वर्धापनदिन आणि अध्यक्षांची भाषणे यांचाच रतीब दिवसभर घालू शकते. तेथे साबण विकला जात नाही हे खरे. पण संस्था विकली जात असते.

तेव्हा प्रश्न जाहिरात आहे की नाही हा नसून, जाहिरातीचा पैसा कोठे जातो आणि त्या पैशाच्या मोबदल्यात केंद्राची जीभ कोणाच्या ताब्यात जाते हा आहे. नियम या बाबतीत चांगला आहे. मिळालेला पैसा केंद्राच्याच खर्चासाठी वापरावयाचा आहे. प्रायोजित कार्यक्रमांना सर्वसाधारणपणे मनाई असून, सरकारे व इतर संस्था यांनी लोकहिताच्या माहितीसाठी दिलेल्या कार्यक्रमांना तेवढा अपवाद आहे. पण नेमका हा अपवादच दुधारी आहे. म्हसवडच्या आठवडी बाजारात बियाणे विकणाऱ्या दुकानदाराची जाहिरात ही एका परीने परिसराची बातमीच असते. सरकारी योजनांच्या जाहिराती मात्र वरून तयार होऊन येतात. ज्या केंद्राचा महिन्याचा खर्च मुख्यतः अशा जाहिरातींवर भागतो, ते केंद्र त्या योजनेचे पैसे गावात पोहोचले की नाही हे किती मोकळेपणाने विचारू शकेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. व्यापाऱ्याच्या दावणीतून सुटून सरकारच्या दावणीला बांधून घेणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

यावर वर्गणी हा एक उपाय आहे. अमेरिकेत बर्कली येथे १९४९ साली सुरू झालेले के.पी.एफ.ए. हे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालविण्याचा प्रयोग झाला आणि तो टिकला. महाराष्ट्राला वर्गणीचे तत्त्व अमेरिकेकडून शिकावयाचे कारण नाही. येथील वाचनालये, व्यायामशाळा, व्याख्यानमाला आणि गणेशोत्सव वर्गणीवरच उभे राहिले. वर्गणी देणारा माणूस हिशेब मागतो, हीच वर्गणीची खरी किंमत. एका केंद्राचा सगळा खर्च वर्गणीतून निघेल असे नव्हे. परंतु त्यातील काही भाग जरी श्रोत्यांच्या खिशातून आला, तरी केंद्राच्या कानाची दिशा बदलते.

आवाज कोणाचा?

खरी ओळख सुरू होते ती बोलणाऱ्यापासून. परिसरातील लोकांच्या सहभागाने तयार झालेले कार्यक्रम किमान निम्मे असले पाहिजेत, असे धोरण सांगते. या अटीमागील विचार माणदेशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. व्यंकटेश माडगूळकर यांनी माणदेशातील माणसे मराठी साहित्यात आणली आणि आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम दीर्घकाळ केले. एका समर्थ लेखकाने आपल्या मुलखाची बोली शहरातल्या केंद्रापर्यंत नेली, ही त्या काळाची मोठी कमाई होय. परंतु मुलुख बोलत होता तो एका माणसाच्या द्वारे आणि दीडशे किलोमीटर दूरच्या खोलीतून. २००८ साली म्हसवडला स्वतःचे केंद्र झाले तेव्हा बोलणाऱ्याला पुण्याची वाट धरण्याचे कारण उरले नाही. ओवी म्हणणारी बाई, मेंढरे राखणारा धनगर, चारा-छावणीत जनावरे घेऊन बसलेला शेतकरी यांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीपर्यंत चालत जाता येते. ऐकणारा आणि बोलणारा यांच्यातील अंतर पायी चालण्याइतके असणे, ही स्थानिक केंद्राची पहिली खरी खूण मानली पाहिजे.

आंध्र प्रदेशातील त्या वेळच्या मेदक जिल्ह्यात, आजच्या तेलंगणात, झहीराबादजवळील माचनूर येथील 'संघम रेडिओ'ची कथा या दृष्टीने बोलकी आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेशी संबंधित दलित शेतकरी स्त्रियांनी युनेस्कोच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणाची सामग्री नव्वदीच्या दशकाच्या अखेरीसच मिळविली होती. परवाना नव्हता. तेव्हा त्यांनी बियाणे, पिके, औषधी वनस्पती, सण आणि गाणी यांवरील कार्यक्रम मुद्रित केले आणि गावोगावच्या बैठकांत ध्वनिफिती वाजवून ते ऐकविले. प्रत्यक्ष प्रक्षेपण सुरू झाले १५ ऑक्टोबर २००८ रोजी. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील बुदिकोटे येथे 'नम्म ध्वनि'ने आणखी वेगळी तोड काढली. हवेतून बोलण्यास मनाई होती, तर गावकऱ्यांनी केबलच्या तारेतून घरोघरी आवाज नेला. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूरला तर एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने सुमारे पन्नास रुपयांच्या सामग्रीत प्रक्षेपक तयार करून बांबूला अडकविला आणि गाण्यांबरोबर हरवलेल्या मुलांच्या सूचना व रोगप्रतिबंधाची माहिती देण्यास आरंभ केला. २००६ साली अधिकाऱ्यांनी ते केंद्र बंद केले. कायद्याने ते बंद करणे योग्यच होते, असे म्हणता येईल. पण त्या गावाला ते केंद्र कोणाचे हा प्रश्न कधी पडला नसेल, हेही तितकेच खरे. परवाना असून ओळख नसणे आणि ओळख असून परवाना नसणे, ही आपल्या धोरणाची दोन टोके झाली.

निर्णय कोणाचा?

तथापि केवळ गावकऱ्यांचा आवाज ऐकू आला म्हणजे केंद्र गावाचे झाले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. खासगी केंद्रेही रस्त्यावरच्या माणसापुढे ध्वनिक्षेपक धरतात. त्याचे बोलणे हसण्यासाठी वापरावयाचे की ऐकण्यासाठी, हे मात्र दुसराच कोणी ठरवितो. म्हणून दुसरी खूण निर्णयाची आहे. केंद्राला सल्लागार व कार्यक्रम समिती असली पाहिजे आणि तीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, असे २०२४ चे धोरण म्हणते. नियम उत्तम आहे. आता श्रोत्याने विचारावयाचे ते इतकेच की, आपल्या केंद्राची समिती कोणती? तिचे सदस्य कोण? त्यांची शेवटची बैठक केव्हा झाली? तीत एखादा कार्यक्रम बदलला गेला काय?

या ठिकाणी महाराष्ट्रातील जुन्या सार्वजनिक वाचनालयांची आठवण होणे अपरिहार्य आहे. वाचनालय सार्वजनिक ठरते ते तेथे पुस्तके आहेत म्हणून नव्हे. पुस्तके दुकानातही असतात. सभासदांची वार्षिक सभा होते, तीत जमाखर्च वाचला जातो, कोणी तरी हटवादी सेवानिवृत्त गृहस्थ उठून फर्निचरच्या खर्चावर आक्षेप घेतो आणि टेबलावर ठेवलेल्या सूचनावहीत हवी ती पुस्तके कोणालाही लिहिता येतात, म्हणून ते सार्वजनिक असते. ज्या नभोवाणी केंद्राला सूचनावही नाही, वार्षिक सभा नाही आणि तो आक्षेप घेणारा गृहस्थही नाही, ते केंद्र फार तर एखाद्या संस्थेचा सूचनाफलक होय. मग त्या फलकावर कितीही चांगली सुभाषिते लिहिलेली असोत.

मराठी श्रोता उलट बोलू शकतो, याचा पुरावा पुष्कळ जुना आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ते ऐकत, मागाहून चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची शास्त्रीय पाहणी केली आणि जे. सी. माथुर यांच्यासह लिहिलेला तिचा अहवाल पुढे जगभर अभ्यासला गेला. नुसता रेडिओ ऐकणाऱ्या गावांपेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञानाची वाढ अधिक झाली, असा त्याचा निष्कर्ष. ज्या भूमीत हा धडा सिद्ध झाला, तेथे आज श्रोत्याला केवळ कान समजले जावे, हे शोभणारे नाही.

बातमीवाचून गाव मुके

स्थानिक केंद्राची ओळख पुसट होण्यास श्रोत्यांची उदासीनता जशी कारण आहे, तसे सरकारचे धोरणही कारण आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुन्हा ऐकविता येते. हवामान, वाहतूक, परीक्षांच्या तारखा, पाणीपुरवठ्याच्या सूचना यांना मोकळीक आहे. पण गावची पाणीयोजना का रखडली, हे गावचे केंद्र बातमी म्हणून सांगू शकत नाही. तीच गोष्ट तालुक्याचे साप्ताहिक छापू शकते, उपग्रह वाहिनी दिवसभर ओरडून सांगू शकते आणि हातातल्या मोबाईलवर कोणीही, खरी असो वा खोटी, पसरवू शकते. ज्याचा पत्ता ठाऊक, ज्याचा चालक ठाऊक आणि ज्याला आपले सर्व कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन आहे, त्यालाच तेवढी मनाई, हा न्याय अजब म्हटला पाहिजे. भडकाऊ बोलण्याची भीती खरी असली तरी तिच्यावर उपाय आचारसंहितेचा व शिक्षेचा आहे. शाळेत गोंगाट होईल म्हणून मुलांना बोलण्यासच मनाई करणारा शिक्षक चांगला समजला जात नाही.

आता नभोवाणी ऐकतोच कोण, असा एक प्रश्न नेहमी विचारला जातो. मोबाईलवर सारे जग उपलब्ध असताना दहा किलोमीटरचा आवाज हवा कशाला? याचे उत्तर असे की, सारे जग उपलब्ध असते तेथे आपला तालुका बहुधा नसतो. रेडिओला भरणा लागत नाही, साक्षरता लागत नाही आणि शेतात वाकून काम करणाऱ्या हातांना तो अडवीत नाही. २०२० च्या महासाथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा देशातील अनेक सामुदायिक केंद्रांनी पाठ ऐकविले, हे विसरता येत नाही. मोबाईल संचांतून एफ.एम.ची सोय काढून टाकू नये, अशी सूचना केंद्र सरकारलाही २०२३ साली उत्पादकांना करावी लागली. आणि श्रोता आपले केंद्र ओळखत असेल तर तो त्याच्यासाठी उभाही राहतो. त्याच वर्षी आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याविरुद्ध एवढी नाराजी व्यक्त झाली की तो स्थगित ठेवावा लागला. ज्यांना हा आवाज आपला वाटत होता ते बोलले. जो आवाज कोणालाच आपला वाटत नाही, तो बंद पडला तर दुसऱ्या दिवशी चौकशी करणाराही मिळत नाही.

करावयाचे काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक सामुदायिक केंद्राने दर तासाला आपले नाव व गाव यांबरोबर चालक संस्थेचेही नाव सांगावे, आणि दिवसातून एकदा समितीच्या पुढील बैठकीची तारीख व सूचना पाठविण्याचा पत्ता द्यावा. जमाखर्चात सरकारी जाहिराती, व्यापारी जाहिराती, वर्गणी आणि चालक संस्थेचे साहाय्य असे चार रकाने असावेत व तो वर्षातून एकदा ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावा. निम्म्या स्थानिक कार्यक्रमांची अट पाळली जाते की नाही, याची तपासणी दिल्लीहून होणे शक्य नाही. ती परिसरातील श्रोत्यांनीच करावी आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे. स्थानिक बातमीवरील बंदी उठवावी. तीन महिन्यांनंतर जे कार्यक्रम पुसण्यास मोकळीक आहे, त्यांतील निवडक मुद्रिते जिल्हा ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे सोपवावीत. नाहीतर जात्यावरच्या ओव्या आणि बोलींचे शब्द एकदा ऐकू येऊन कायमचे हरवतील.

परंतु नियमांनी जेवढे होते तेवढेच नियमांनी होते. बाकीचे काम माणसांचे आहे. सातबाराचा उतारा कसा वाचावा, दाखल्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, निवृत्तिवेतनाचा अर्ज कोठे अडतो, हे कचेरीतील कारकुनाइतके कोणाला ठाऊक आहे? महिन्यातून एक संध्याकाळ त्याने केंद्राला दिली, तर शेकडो लोकांचे हेलपाटे वाचतील. गावाच्या नावाची कथा, जुन्या विहिरींची नोंद, वृद्धांच्या आठवणी हे विद्यार्थ्यांकडून मुद्रित करून घेणे इतिहासाच्या शिक्षकाला सहज जमण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी केवळ फर्माइशीची गाणी लावण्यात समाधान मानू नये. विद्यापीठाच्या केंद्रावर वसतिगृहाच्या पाण्याचा व परीक्षेच्या निकालाचा प्रश्न मांडता येतो की नाही, हे त्यांनी एकदा करून पाहावे. उत्तर 'होय' आले तर केंद्र त्यांचे आहे. 'नाही' आले तर ते कोणाचे आहे, हेही त्याच दिवशी कळेल.

शेवटी ओळख ही एकतर्फी नसते. केंद्राने आपल्या श्रोत्याला ओळखले पाहिजे आणि श्रोत्याने केंद्राला. त्यासाठी एकदा तरी त्या खोलीपर्यंत चालत जाणे, दार ठोठावणे आणि आपले म्हणणे सांगणे आवश्यक आहे. दार उघडले गेले, ऐकून घेतले गेले आणि ऐकलेले पुढल्या आठवड्याच्या कार्यक्रमात उतरले, तर ते केंद्र गावाचे, असे निःशंकपणे म्हणावे. आकाश सर्वांचे आहे हे न्यायालयाने १९९५ सालीच सांगून ठेवले आहे. त्या आकाशातील आपला वाटा मागण्याचे काम न्यायालयाचे नसून श्रोत्यांचे आहे.